खिशातला रेडिओ (भाग ६) : झोपेचा हिशेब

बॅटरीत ऊर्जा किती मावते ते मागच्या भागात पाहिलं; आता ती खर्च कशावर होते ते पाहू. डेटा जास्त वापरला की बॅटरी लवकर उतरते, असं आपण सर्रास धरून चालतो. मोबाइलमधल्या रेडिओपुरता हा हिशेब फसवा आहे. किती डेटा गेला यापेक्षा त्यासाठी रेडिओला किती वेळा उठवलं, हे बघायला हवं. खिशातला मोबाइल टॉवरचं अखंड ऐकत नसतो. ४जी नेटवर्कवर सहसा दर १.२८ सेकंदांनी तो काही मिलिसेकंद जागा होतो, आपल्यासाठी कॉल आहे का पाहतो आणि पुन्हा झोपतो. दिवसाकाठी ६७,५०० वेळा! या वेळा टॉवरलाही ठाऊक असल्यामुळे कॉल चुकत नाही, फार तर रिंग सेकंदभर उशिरा वाजते.

उधळपट्टी होते ती पुढे. दोन ओळींचा मेसेज निमिषात जातो, पण आणखी काही येईल म्हणून नेटवर्क जोडणी साधारण दहा सेकंद धरून ठेवतं. दर मिनिटाला सर्व्हरकडे डोकावणारं ॲप अशा रीतीने तासातली दहा मिनिटं रेडिओला जागं ठेवतं. तीच माहिती एकदम पाठवली तर काही सेकंदांत काम भागतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मधलं ‘डोझ’ हेच करतं : पडून असलेल्या फोनवरची ॲपची कामं थोपवून एकत्र उरकतं. मग काम होताच जोडणी तोडून का टाकू नये? ३जीच्या काळात काही फोननी हा उद्योग करून पाहिला. पण तुटलेली जोडणी पुन्हा जुळवायला निरोपांची बरीच देवाणघेवाण लागते, आणि फोनची बचत नेटवर्कच्या मुळावर आली. शेवटी नियम ठरवून त्यांना आवरावं लागलं.

बॅटरी खाते ती स्क्रीन, रेडिओचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. स्क्रीन चालू असेपर्यंत ते खरंच आहे. पण पाण्याच्या मीटरला कुठे स्क्रीन असते? अशा उपकरणांसाठीच्या ‘एनबी-आयओटी’ नेटवर्कवर मीटर दिवसातून एकदा आकडा कळवून गाढ झोपी जातो. पुन्हा उठेपर्यंत टॉवरलाही तो सापडत नाही. त्यावरच त्याची बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. सिग्नल कमकुवत असला तर मात्र हे गणित बिघडतं. तळघरातल्या मीटरला एकच निरोप १२८ वेळांपर्यंत पुन्हा पाठवावा लागू शकतो, आणि मग दिवसातून एकदाच उठूनही बॅटरी लवकर संपते. शिवाय गळती झाल्यावर दुरून बंद करायच्या व्हॉल्व्हला इतकी गाढ झोप परवडत नाही. त्याला अधूनमधून टॉवरचं ऐकावंच लागतं. या नेटवर्कवर एकदा जागं झाल्यापासून पुन्हा जागं होईपर्यंतचं अंतर काही सेकंदांपासून जवळपास तीन तासांपर्यंत ठेवता येतं. किती ठेवायचं हे तेवढ्या वेळात किती पाणी वाहून गेलेलं चालेल, त्यावर ठरतं.