परवलीचा शब्द आणि अदृश्य अक्षर

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या सी भाषेत वापरकर्त्याची ओळख पडताळणारे फंक्शन लिहावे, आणि फाइलीतील नोंद व टंकलेला पासवर्ड डोळ्यांना तंतोतंत एकच दिसत असूनही प्रवेश नामंजूर व्हावा, हा अनुभव नवशिक्यांना इतक्या नियमाने येतो, की त्याची कारणमीमांसा करणे अगत्याचे आहे.

फाइलीतून ओळ वाचणारे ‘एफगेट्स’ हे फंक्शन ओळीच्या शेवटचे नव्या ओळीचे चिन्हही इमानाने उचलून आणते. ते पडद्यावर दिसत नाही, परंतु अक्षरामागून अक्षर ताडून पाहणाऱ्या ‘स्ट्रकंप’ला ते स्पष्ट दिसते, आणि विंडोजवर तयार झालेली फाइल लिनक्सवर वाचल्यास आणखी एक अदृश्य चिन्ह त्यात भर घालते. अशा वेळी तर्क लढवीत बसण्यापेक्षा दोन्ही शब्दांची लांबी छापून पाहावी: पाच अक्षरांच्या शब्दाची लांबी सहा निघाली, की गुन्हेगार हाती लागलाच! ‘स्ट्रकस्पन’ने ते चिन्ह शोधून तेथे शून्य ठेवले, की काम फत्ते होते.

‘स्ट्रकंप’ समानतेला शून्य हे उत्तर देते, याचेही विस्मरण नसावे.

मात्र पासवर्ड फाइलीत उघड ठेवणे मला सर्वथा अक्षम्य वाटते. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ सालीच पासवर्ड सांकेतिक रूपात साठवण्याची युनिक्समधील पद्धत सविस्तर मांडली होती. वाचकहो, सरावाच्या प्रोग्रॅमातही तोच दंडक पाळावा.