आजोबांची फियाट रस्त्यावर आणायचीय? आधी वही, मग पाना



कार्यशाळेच्या मधल्या सुट्टीत एक तरी जण बाजूला घेऊन विचारतोच. "सर, धंद्याचं नंतर बोलू. घरी आजोबांची पद्मिनी पडून आहे, दहा-बारा वर्षं झाली. चालू करायला किती लागतील?" आणि चहा संपायच्या आत दुसरा प्रश्न येतो, "मग ती लग्नाला भाड्याने देता येईल ना?"

व्हिडिओत या विषयाला पंधरा मिनिटंच मिळाली, म्हणून बाकीचं इथे सविस्तर लिहितोय. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण त्यावर पैसे लावून बसणारे आहेत. भाड्याच्या उत्पन्नाच्या भरवशावर गाडी खोलू नका. का, ते पुढे येईलच.

गाडीची थोडी कुंडली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. जुनी गोलसर, जिला लोक लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणायचे, ती आधीची. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली आणि तिचंच नाव पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागच्या चाकांना ताकद, चारही चाकांना ड्रम ब्रेक. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. डोळ्यांना दिसतं आणि पान्याने उघडतं, एवढंच. म्हणूनच शौकीन माणसाने हात घालण्यासारखी ही गाडी आहे.

आता यातला धंद्याचा भाग बघा. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी. हजारो टॅक्स्या रोज धावायच्या, रोज झिजायच्या, त्यामुळे पार्ट खपायचे आणि त्यावर मिस्त्री जगायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी संपली. गिऱ्हाईक संपलं की दुकानदार माल भरत नाही, आणि मिस्त्री दुसऱ्या गाड्यांकडे वळतो. आज कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात माल मिळतो, पण बराचसा उरलेला किंवा उतरवलेला असतो. म्हणून या कामात 'लागेल तेव्हा आणू' चालत नाही. दिसला तेव्हा उचलायचा.

गाडीच्या आधी कागद

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक शोधा. गाडी आजोबांच्या नावावर आणि आजोबा गेलेले, ही अवस्था घरोघरी असते. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. काका-आत्यांशी आज बोलून घ्या. गाडी चकाचक झाल्यावर सगळ्यांनाच बालपण आठवतं आणि मग सह्या अडतात. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर दर पाच वर्षांनी करावं लागतं, वर आपल्याकडे पर्यावरण कर आहे. किती वर्षं थकलंय आणि किती भरायचंय, हा आकडा आरटीओतून लेखी काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तो आकडा ऐकून पुष्कळांचा विचार बदलतो. बदलू दे! गाडी खोलून अंगणात पसरल्यावर बदलण्यापेक्षा ते बरं.

दुसरं, चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडा आणि फोटो काढा. पत्राकाम करणाऱ्याला आणि पेंटरला स्पष्ट बजावा की कोरलेल्या नंबरावर ग्राइंडर लावायचा नाही, लांबी भरायची नाही. तो नंबर पुसला गेला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी कागदावर संशयितच राहते.

सगळ्यात महागडा निर्णय

गॅरेजवाला पहिल्या भेटीत प्रेमाने सुचवतो, "साहेब, जुनं इंजिन काढा, मारुतीचं टाकतो. एसीपण लागेल, त्रासच नाही." ऐकायला छान वाटतं. पण २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्याला 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये.

हिशोब करा. १९६४ ची डिलाइट या रेषेच्या केव्हाच पुढे गेली. सुरुवातीच्या पद्मिनी आत्ता पन्नाशी ओलांडतायत. तुमची गाडी १९८० ची असेल तर ती २०३० मध्ये पन्नाशीची होईल, फार लांब नाही. आज इंजिन बदललं, मूळचं भंगारात विकलं, तर तो दरवाजा बंद झाला. शिवाय इंजिन बदलाची आरटीओत नोंद न करता गाडी फिरवली तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी काय म्हणेल, ते सांगायला नको. माझं मत विचाराल तर मूळ इंजिन ठेवा. थंड हवा हवी असेल तर त्या पैशात चांगला पंखा आणि पहाटेची वेळ निवडा.

आता भाड्याचं. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही. आणि साध्या पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं तर मुळातच नियमात बसत नाही. 'सगळेच देतात' हे वाक्य मी धंद्याच्या प्रत्येक क्षेत्रात ऐकलंय, पण नवरदेव आत बसलेला असताना अपघात झाला तर ते वाक्य कोर्टात उपयोगी पडत नाही.

गंजाचा हिशोब

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे गंज हा दिसण्याचा प्रश्न नसून जिवाचा प्रश्न आहे. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पत्र्याला चिकटतं, जाड लांबी भरलेल्या जागी सटकतं. दरवाज्यांखालचा फूटबोर्ड, दरवाज्यांचा तळ, चाकांच्या वरच्या कमानी, डिकीचा तळ, बॅटरीखालची जागा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, या जागा आधी बघा. आतली मॅट उचला. जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन फरशीला टोचा. आरपार गेला तर इंजिनाचं नाव नंतर काढा, आधी पत्रा.

किनारपट्टीवर ठेवलेली गाडी आणि नगर-सोलापूरकडची कोरड्या हवेतली गाडी यांत पत्र्याच्या खर्चाचा फरक इतका पडतो, की विकत घ्यायचीच असेल तर भाडं खर्चून कोरड्या गावातली आणणं परवडतं. आणि सडलेला पत्रा कापून नवीन तुकडा जोडायचा असतो, वरून ठिगळ मारायचं नसतं. ठिगळाखाली पाणी साचतं आणि दोन पावसाळ्यांत रंगाला फुगे येतात.

लोक नेमकं उलटं करतात. आधी रंग! कारण रंग दिसतो, घरच्यांना दाखवता येतो. मग इंजिन उतरवताना मडगार्डवर ओरखडे, वेल्डिंगची ठिणगी टपावर, आणि तोच खर्च परत. क्रम असा धरा: पत्रा, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, मग इंजिन-गिअरबॉक्स, मग वायरिंग, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी सीटचं रेक्झिन. ब्रेक इंजिनाच्या आधी का? कारण चालू झालेली गाडी कोणी उभी ठेवत नाही. मुलगा लगेच गल्लीत चक्कर मारायला काढतो.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला सेल्फ मारू नका

बॅटरी जोडून किल्ली फिरवण्याचा मोह आवरा. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने हळू फिरवून बघा. मोकळं फिरलं तर जुनं ऑइल काढून नवीन घाला. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, ते सडून डिंकासारखं झालेलं असतं आणि कार्ब्युरेटरची बारीक जेट बुजवतं. रेडिएटर धुऊन घ्या, पाण्याच्या होज बदला. मग कम्प्रेशन तपासा. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले तर इंजिन उघडायची घाई नाही. 'आलंच आहे तर बोअर करून टाकू' म्हणणाऱ्या मिस्त्रीला आधी आकडे दाखवायला सांगा.

हेड उतरवायची वेळ आलीच तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. जुन्या इंजिनांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्ह सीटचं रक्षण करायचं. आता ते नाही. उलट आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला खातं. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारा घाला. पाइपाला दोनशे रुपये वाचवून गरम इंजिनावर पेट्रोल टपकवणं म्हणजे बचत नाही.

वहीतले रकाने

प्रोजेक्ट कॉस्टिंगच्या व्हिडिओत शिकलो तेच इथे लावायचं. एकच ढोबळ आकडा नको. पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग, रंग, सीट, कागद, असे वेगळे रकाने. प्रत्येकात मजुरी वेगळी, माल वेगळा. समजा सगळं मिळून अडीच लाख आले. तर सव्वा लाख आणखी बाजूला असल्याशिवाय गाडी खोलू नका, कारण खरं दुखणं रंग खरवडल्यावरच कळतं. आणि हे पैसे धंद्याच्या खेळत्या भांडवलातून येता कामा नयेत. दिवाळीच्या मालाचे पैसे गाडीच्या डिफरन्शियलमध्ये अडकले तर शौकही जातो आणि सीझनही.

गॅरेजला पूर्ण आगाऊ रक्कम कधीच देऊ नका. टप्पा संपला, फोटो घेतला, स्वतः जाऊन बघितलं, मग पुढचा हप्ता. खोलताना प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि जोडलेल्या अवस्थेतला फोटो. जुने पार्ट फेकायचे नाहीत, हेही आधीच ठरवा. क्रोमच्या पट्ट्या, मीटर, दिव्यांच्या काचा, खिडकीची हँडलं, या गोष्टी 'हरवतात'. इंजिनाचे पिस्टन शोधून मिळतील, पण मूळ बोधचिन्ह शोधताना वर्ष जातं.

ही फोटो आणि बिलांची फाइल विम्यालाही कामाची. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, मालक आणि कंपनी यांच्यात बोलून ठरते. फाइल नसेल तर कंपनी नाममात्र आकडा टाकते आणि तुम्ही सही करून मोकळे होता.

चालू झाली, आता?

या गाडीला मुक्कामापेक्षा प्रवास मानवतो. आठवड्यातून एकदा दारात उभ्या उभ्या पाच मिनिटं घुर्रर्र करून बंद करणं सगळ्यात वाईट. इंजिन पूर्ण तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी का होईना, पंधरा-वीस किलोमीटर चालवा. ग्रीसचे निपल वेळच्या वेळी भरा, आजकालचे पोरगे मिस्त्री हे विसरतात, कारण नव्या गाडीत ते फारसे नसतातच. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट फीलर गेजने तपासायला स्वतः शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, दोन वर्षांनी बदला. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दहा वर्षांचा कडक झालेला टायर घाटात नेऊ नका.

पावसाळ्याआधी दरवाज्यांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने साफ करा. ती बुजली की दरवाजा आतून सडतो, बाहेरून वर्षभर काही दिसत नाही. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, खाली घाम धरतो. सुती कव्हर आणि वर शेड. बॅटरीची एक तार सोडून ठेवा. पेट्रोल तीन-चार महिने टाकीत तसंच ठेवायचं असेल तर जितकं लागेल तितकंच ठेवा, आणि पहिल्या कोरड्या रविवारी गाडी बाहेर काढा.

कार्ब्युरेटर खोलून साफ करण्याचा वेगळा व्हिडिओ येतोय. तोपर्यंत आरसी बुक शोधून ठेवा.