पाणी आणि पाना

केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोंबासा शहराच्या खाली, क्वाले नावाचा जिल्हा आहे. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे रमजान कोणत्याही ऋतूत आला तरी रोजा जवळपास सारखाच असतो, तेरा-साडेतेरा तासांचा. सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मगरीबची अजान होते आणि घरोघरी रोजा सोडला जातो. इफ्तारला स्वाहिली भाषेत ‘फुतारी’ म्हणतात आणि दानाला ‘सदाका’. हे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात, कारण अरबीतून ते जसे उर्दूत आले तसेच स्वाहिलीतही गेले. किनाऱ्यालगतच्या या गावांत राहणारे डिगो लोक बहुसंख्येने मुस्लिम आहेत. त्यांच्या फुतारीत खजूर असेल, शिजवलेला कसावा असेल. पण दिवसभराच्या कोरड्या घशाला सर्वांत आधी हवे असते ते पाणी.

चाळीसेक वर्षांपूर्वी हे पाणी उघड्या विहिरींतून आणि डबक्यांतून यायचे. ते आणणे बायकांचे आणि मुलींचे काम, आणि त्यातून होणारी जुलाब-कॉलऱ्याची दुखणी काढणेही त्यांचेच. 1983 मध्ये या भागात हातपंपांच्या चाचणीचा प्रकल्प सुरू झाला. आंतरराष्ट्रीय संस्थांचा पैसा आला, इंजिनिअर आले, परदेशी बनावटीचे हापसे बसले. गावाला मात्र कुणी फारसे विचारले नव्हते. त्यामुळे गावाच्या लेखी हापसा ‘त्यांचा’ होता आणि बिघडला की दुरुस्तीही त्यांनीच करायची होती.

इथे एका लहान केनियन संस्थेला बोलावण्यात आले. ‘केनिया वॉटर फॉर हेल्थ ऑर्गनायझेशन’, म्हणजेच ‘क्वाहो’. या संस्थेच्या कार्यकर्त्या, त्यात बऱ्याच स्त्रिया, गावागावांत जाऊन बसल्या. परक्या पुरुषाशी बोलायला संकोचणाऱ्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागल्या. हळूहळू पाणी समित्या उभ्या राहिल्या. समितीत स्त्रिया आल्या, अनेक ठिकाणी तिजोरीची किल्ली त्यांच्याच हाती आली. घरटी थोडी वर्गणी ठरली, समित्यांची बँकेत खाती उघडली गेली. आणि हापसा दुरुस्त करायला गावातल्याच बायका शिकल्या.

हे शक्य झाले, कारण याच काळात मलावी आणि केनियात मिळून ‘अफ्रिदेव’ हा नवा हापसा घडत होता. त्याची गोष्ट सांगताना आपल्या जालना-सोलापूरकडे वळावे लागते. दुष्काळी भागात बोअरवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हापसे सतत मोडत. तेव्हा या दोन ठिकाणी ख्रिस्ती मिशनच्या कामातून पोलादी, टिकाऊ हापसे तयार झाले. सोलापूरच्या हापशाचा आधार घेऊन आणि युनिसेफच्या पाठबळाने 1970 च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला आणि तो जगभर गेला, आफ्रिकेच्या खेड्यांतही पोहोचला. हापसा दणकट होता; पण आतला भाग बिघडला की जड लोखंडी पाइप वर ओढायला चार माणसे आणि अवजारांची गाडी लागे. तालुक्याहून गाडी येईपर्यंत गाव पुन्हा डबक्यावर. अफ्रिदेवमध्ये ही अडचण काढून टाकली. पाइप प्लास्टिकचे, आतला दट्ट्या पाइप न काढता वर ओढता येतो आणि बरेचसे काम एका पान्यावर भागते. तो पाना गावातच राहतो.

इस्लाममध्ये दानाचा एक प्रकार आहे, सदका-ए-जारिया. म्हणजे देणाऱ्याच्या मागेही चालू राहणारे दान. हजरत साद बिन उबादा यांनी दिवंगत आईच्या नावाने कोणते दान उत्तम, असे विचारले तेव्हा पैगंबरांनी पाण्याचे नाव घेतले आणि साद यांनी विहीर खोदली, अशी हदीस आहे. आपल्याकडच्या पाणपोईमागेही हीच भावना असते. म्हणूनच रमजानमध्ये आफ्रिकेतल्या विहिरींसाठी जगभरातून पैसा जातो. हनफी उलेमांच्या मते जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते. त्यामुळे विहिरीचा खर्च साधारणपणे जकातीतून न करता ऐच्छिक सदक्यातून केला जातो.

पण ‘जारिया’ म्हणजे वाहते, चालू असलेले. सहारापलीकडच्या आफ्रिकेतल्या पाहण्या सांगतात, की कोणत्याही दिवशी तिथल्या दर तीन-चार हापशांपैकी एक बंद सापडतो. दात्याच्या नावाची पाटी तशीच असते, दांडा हलतो, पाणी येत नाही.

क्वालेतही सगळे सुरळीत राहिले असे नाही. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या समित्यांच्या जुन्या हिशेबवह्या तपासल्या. काही वह्यांत कित्येक वर्षांच्या वर्गणीची नोंद होती. त्यातून दिसले, की पाऊस पडला की वर्गणी आटते, कारण पाणी दारातच मिळते. पाणी खारट लागले किंवा हापसा लांब असला तरी लोक पैसे देत नाहीत. यात नियत वाईट असण्यापेक्षा संसाराचे गणित असते. पण ऐन उन्हाळ्यात हापसा मोडतो तेव्हा समितीच्या पेटीत पैसे नसतात. त्यावर तोडगा म्हणून आता तिथे अनेक गावांची मिळून स्थानिक दुरुस्ती सेवा चालते. काही हापशांच्या दांड्यात छोटे यंत्र बसवलेले आहे, दांडा किती हलला ते मोबाइल नेटवर्कवरून कळते आणि दांडा थांबला की मिस्त्री निघतो.

हे काम फोटोत येत नाही. नव्या विहिरीच्या उद्घाटनाला गर्दी होते. दहा वर्षांनी बदललेल्या रबरी वायसरची बातमी होत नाही. पण आईच्या नावाने दिलेली विहीर त्या वायसरमुळेच चालू राहते. रमजानच्या शेवटच्या दिवसांत पावतीपुस्तके घेऊन लोक येतील, मोबाइलवर आवाहने येतील. देणाऱ्याने जरूर द्यावे. देताना किती विहिरी खोदल्या हे विचारावे आणि सोबत आणखी एक प्रश्न विचारावा: पाच वर्षांपूर्वी खोदलेली विहीर आज कोण सांभाळते, पाना कुणाकडे आहे?