मैदानावर टिकतो कोण?

भातकापणी उरकली, मैदानातली ओल सुकली की महाड-पोलादपूरच्या गावांत कबड्डीचे दिवस येतात. चुन्याच्या रेघा आखल्या जातात, दिवे लागतात, ग्रामदैवताच्या नावाच्या मंडळाची नवी जर्सी येते. सुरुवातीला सरावाला पोरांची गर्दी होते. शिमग्यापर्यंत त्यातली किती उरली, हे मात्र फारसे कोणी मोजत नाही. डॉक्टर म्हणून मला तोच आकडा चषकापेक्षा मोलाचा वाटतो.

कारण व्यायामाचा फायदा साठवून ठेवता येत नाही. अंगमेहनतीनंतर स्नायू इन्सुलिनला चांगली दाद देतात, पण एका दिवसाच्या खेळाचा हा परिणाम साधारण एक ते तीन दिवसच राहतो. त्यामुळे दोन महिने खेळून सोडून देणाऱ्यापेक्षा साधाच, पण वर्षानुवर्षे खेळणारा मुलगा पुढे मधुमेह आणि रक्तदाबापासून अधिक सुरक्षित राहतो. ५ ते १७ वयोगटातील मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच २०१६ पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वयाची ८१ टक्के शाळकरी मुले तेवढी हालचाल करत नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के आहे.

मुले मंडळात येतात त्याची कारणे उघड आहेत. मोठा भाऊ खेळतो, वर्गातला मित्र ओढून नेतो. २०१४ पासून प्रो कबड्डीने टीव्हीवर या खेळाला झळाळी आणली. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण आई-वडिलांनाही पटते. शिवाय १३ बाय १० मीटर जागा मिळाली की पुरुषांचे मैदान तयार होते. पोलादपूरसारख्या डोंगराळ तालुक्यात, जिथे सपाट जागाच कमी, तिथे ही मोठी सोय आहे.

येण्याची कारणे आणि टिकण्याची कारणे मात्र वेगळी असतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मते माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहतो, ते तीन गरजा भागल्या तर: आपल्या मताला किंमत आहे, आपल्याला हे जमू लागले आहे आणि ही माणसे आपली आहेत. बक्षीस या तिन्हींची जागा घेऊ शकत नाही. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच बक्षीस कबूल केले. पुढे बक्षीस नसताना हीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली.

हे आपल्या मंडळांना लावून पाहू. संघात १० ते १२ जण, प्रत्यक्ष मैदानात सात. बाकीच्यांनी रेघेबाहेर बसून नुसत्या टाळ्या वाजवायच्या का? गावातल्या गावात दोन-तीन संघ करून सामने लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला चढाई येते. ‘कालच्यापेक्षा आज तुझी पकड बरी बसली’ हे एक वाक्य मुलाला पुढच्या आठवड्यात परत आणते. चारचौघांतली शिवी कायमची घरी बसवते. सरावाची वेळही मुलांना विचारून ठरवावी.

गळती कुठे होते तेही ठरलेले आहे. पाळी सुरू झाली की मुलींचा खेळ थांबतो. खरे तर पाळीत खेळायला निरोगी मुलीला वैद्यकीय हरकत नसते. तिला हवे असते स्वच्छतागृह, उजेडातली वेळ आणि सोबत एखादी जाणती बाई. बारावीनंतर मुलगे मुंबई-पुण्याला जातात किंवा महाडच्या एमआयडीसीत पाळीने कामाला लागतात. संध्याकाळचा सराव त्यांच्यासाठी बंद होतो. रविवारी सकाळचा एक सराव ठेवला तरी त्यांचा धागा तुटत नाही.

तिसरी गळती दुखापतीची. कबड्डीत गुडघा दुखावणे नेहमीचेच आणि कधी कधी कित्येक आठवडे विश्रांती घ्यावी लागते. त्या काळात मुलाला कोणी विचारले नाही तर गुडघा बरा होऊनही तो परतत नाही. त्याला गुण लिहायला बसवा, लहानांना शिकवायला सांगा.

यासाठी फार खर्च नाही. मंडळाने एक साधी हजेरीवही ठेवावी. सलग दोन आठवडे न आलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी कोणीतरी जाऊन यावे आणि ‘का येत नाहीस?’ एवढेच न रागावता विचारावे. पुढच्या वर्षी भातकापणी झाली की ती वही उघडून पाहावी: जुनी नावे किती उरली? मंडळाचा तो खरा निकाल.