बिनधुराचा विस्तव

थंडीच्या दिवसांत शेगडीजवळ बसण्याचें सुख मी आपणांस वर्णन करून सांगावें असें नाहीं. ती आंत आणण्यापूर्वींची खबरदारीहि घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना पाठ असते. कोळसे ओटीवर पेटवावयाचे, धूर सरूं द्यावयाचा, आणि निखारे लालबुंद झाले म्हणजे शेगडी उचलून बाळंतिणीच्या खोलींत नेऊन ठेवावयाची. धूर गेला, तेव्हां भीति गेली, असा यामागचा हिशेब. तो चुकीचा आहे, हेंच आज मला सांगावयाचें आहे.

धूर डोळ्यांना झोंबतो, ठसका आणतो, आणि आपण मुकाट्यानें खिडकी उघडतों. त्याच्यामागून जो वायु येतो त्याला रंग नाहीं, वास नाहीं. शेगडीच्या तळाशीं भरपूर हवा मिळून कोळशाचा कार्बन डायऑक्साइड होतो. तोच वरच्या तापलेल्या थरांतून जातांना कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत ही त्याच्याच जळण्याची. ज्योत दिसेनाशी झाली तरी वायु निघतच असतो, आणि राखेखालीं धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून तर निर्धास्तपणें निघत असतो. रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूला दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून ठेवतें. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, मग गुंगी येते. झोपलेल्याला तेवढीहि सूचना मिळत नाहीं. उत्तर भारतांत अंगीठी घेऊन दारें लावून झोपलेलीं कुटुंबें सकाळीं उठलींच नाहींत, अशा बातम्या हिवाळ्यांत वारंवार येतात, त्या यामुळेंच.

भिंतींतल्या फायरप्लेसला धुराडें असतें, म्हणून ती निर्धोक, असें कोणी म्हणेल. धुराडें मोकळें असेल तोंवर तें खरें. फ्रेंच कादंबरीकार एमील झोला १९०२ च्या सप्टेंबरांत पत्नीसह पॅरिसच्या घरीं परतला. घर गारठलेलें, म्हणून निजण्याच्या खोलींत विस्तव केलेला, खिडक्या बंद. सकाळीं नोकरांनीं दार फोडलें तेव्हां झोला जमिनीवर मृत पडला होता. पत्नी बेशुद्ध होती, ती वांचली. धुराडें बुजलें होतें. तें कोणी मुद्दाम बुजविलें काय, हा वाद पुढें पुष्कळ वर्षें चालला. बुजलें कसेंहि असो, वायूचा परिणाम तोच.

आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणच्या जुन्या बंगल्यांत अशीं धुराडीं वर्षानुवर्षें बंद असतात. पक्ष्यांचीं घरटीं, काजळीचे थर, पडलेल्या विटा, कांहींहि आंत असूं शकतें. हौसेनें लांकडें रचण्यापूर्वीं तें झाडून घ्यावें. सांचलेली काजळी स्वतःच पेट घेते, हा आणखी एक धोका. मग एक उदबत्ती लावून तोंडाशीं धरावी. तिचा धूर वर ओढला गेला तर ठीक. खोलींत परतला तर विस्तव करूं नये. शेजारच्या स्वयंपाकघरांतला हवा बाहेर फेंकणारा पंखा चालूं असला तरी धूर असाच उलटतो, म्हणून तो बंद ठेवावा. धुराड्याची झडप ऊब राखण्यासाठीं लवकर लावण्याचा मोह अनेकांना होतो. निखारे पूर्ण विझल्यावांचून तिला हात लावूं नये.

शेगडीला मात्र धुराडेंच नाहीं. तिच्यासाठीं समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात, आणि निजण्यापूर्वीं ती बाहेर गेलीच पाहिजे. तान्हें मूल असलेल्या खोलींत ती मुळींच नेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. गरम कपडे आणि दुलई यांनीं तें काम होतें. न्हाणीघरांतल्या गॅसच्या गीझरलाहि हाच नियम लागू आहे. या वायूची सूचना देणारें लहानसें यंत्र आतां बाजारांत मिळतें. धुराची सूचना देणारें यंत्र त्याच्या जागीं चालत नाहीं.

अशा खोलींत कोणी गुंगलेलें आढळलें तर आधीं दारें-खिडक्या उघडाव्या, त्याला मोकळ्या हवेंत आणावें आणि त्वरित रुग्णालयांत न्यावें. तो शुद्धीवर आला तरीहि न्यावेंच. साध्या हवेंत रक्तांतला निम्मा वायु जाण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास सुमारें एक ते दीड तास पुरतो. आणि डॉक्टरांना खोलींत विस्तव होता हें आवर्जून सांगावें. नाहींतर डोकेदुखी आणि ओकारी यांवरून अपचनाचा तर्क होणें अगदीं सोपें आहे.