काजूच्या हंगामात बाळाकडे कोण पाहतो?

शेतकऱ्याची नजर आपल्या पिकावरून हलत नाही. लावणीनंतर आठ दिवसांनी रोप पिवळे दिसले, तर तो बांधावरच बसून विचार करू लागतो : पाणी जास्त झाले की खत कमी पडले? काजूला मोहोर आला आणि मागून ढगाळ हवा पडली, तर त्याला रात्री झोप येत नाही. मीही असाच एक शेतकरी. पेडणे तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे आणि डोंगरउतारावर वडिलांनी लावलेली काजूची झाडे आहेत. कोणते झाड किती देते, हे मला तोंडपाठ आहे. पण गेल्या हंगामात माझ्याच घरातले एक रोप दोन महिने वाढले नाही आणि मला ते कळले नाही. ते रोप म्हणजे आमचा धाकटा, बाबू. त्या वेळी तो एकवीस महिन्यांचा होता.

हे लिहिताना संकोच वाटतो. पण पेडणे-डिचोलीकडची आपली बरीच घरे काजू, भात, मिरची आणि कुळागर यांवर चालतात. हंगाम आला की घरातील सगळे हात कामाला लागतात. जे आमच्या घरी घडले, ते दुसऱ्या घरीही घडत असेल, म्हणून सांगतो.

बाबूचा दिवस

बाबू कोंबड्याच्याही आधी उठतो. उठल्याबरोबर त्याला खुराड्याकडे न्यावे लागते. एकेका कोंबडीकडे बोट दाखवून तो मोजतो, “एक, दोन, धा.” कोंबड्या सहा असोत की दहा, त्याचा हिशेब हाच. मग अंगणातील प्रत्येक वस्तूला “काय?” विचारत फिरणे. कोयता काय, नारळ काय, मुंगी काय. उत्तर दिले तरी पुन्हा तोच प्रश्न. जानेवारी 2023 मध्ये मोप्याचा विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून आमच्या डोक्यावरून विमाने जातात. विमानाचा आवाज आला की बाबू माझी लुंगी ओढतो. मी कुदळ टाकून वर पाहावे आणि विमान दिसेनासे होईपर्यंत पाहत राहावे, असा त्याचा नियम आहे. मध्येच मान खाली घातलेली त्याला चालत नाही.

तो चालायला लागला चौदाव्या महिन्यात. शेजारची मुलगी दहाव्या महिन्यातच अंगणभर फिरत होती, म्हणून माझ्या आईला घोर लागला. आरोग्य केंद्रातील नर्सबाईंनी तिची समजूत घातली. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी मुलांचा अभ्यास केला. त्यात कोणी आठव्या महिन्यात एकटे चालले, तर कोणी सतराव्या-अठराव्या महिन्यात. शेजाऱ्याच्या मुलाशी आपल्या मुलाची तुलना करू नये. तुलना करायची ती त्याच्याच मागच्या महिन्याशी. हे वाक्य आम्ही ऐकले, मान डोलावली आणि विसरलो.

हंगामात काय झाले

काजूचे काम कसे असते हे वाचकांस सांगावयास नको. बोंडू झाडावरून पडल्यावर वेचावा लागतो आणि फार काळ पडून राहिला तर वाया जातो. मार्च लागला की मी आणि पत्नी पहाटे साडेपाचला डोंगरावर जात असू. वेचणे, बी वेगळी करणे, बोंडू भाटीवर पोचवणे यात दुपारचे दोन वाजत. बाबू माझ्या आईपाशी राही. आईने आम्हां पाच भावंडांना वाढवले आहे, त्यामुळे काळजी कसली? पण आता तिचे गुडघे दुखतात. चुलीपाशी पुन्हा पुन्हा उठणे तिला जमत नाही. बाबू रडला की ती त्याला कपात चहा देई आणि चहात बुडवून बिस्कीट. पोर शांत होई. दहा वाजता पुन्हा तेच. दुपारी आम्ही येईपर्यंत तो पेंगलेला असे. दोन घास भात खाऊन झोपी जाई. पहाटेचे आणि सकाळचे अंगावरचे दूधही त्या दिवसांत सुटले.

मूल हसत होते, खेळत होते, आजारी नव्हते. मग आम्हांला शंका तरी का यावी?

कार्डावरची रेघ

एप्रिलमध्ये पत्नी त्याला अंगणवाडीत घेऊन गेली. बाईंनी वजन केले आणि कार्ड उघडून म्हणाल्या, “उद्या बाबूच्या पायला घेऊन या.” मी गेलो. जानेवारीत 9 किलो 800 ग्रॅम. फेब्रुवारीत 10 किलो. मार्चमध्ये 10 किलो. एप्रिलमध्ये 9 किलो 900 ग्रॅम.

मी म्हणालो, “बाई, ठिपका अजून हिरव्या पट्ट्यातच आहे की!”

बाई म्हणाल्या, “ठिपका पाहू नका, रेघ पाहा. वर चढणारी रेघ आडवी झाली आणि आता खाली वळते आहे. तुमच्या कलमाला दोन महिने नवी पालवी फुटली नाही, तर झाड अजून हिरवे आहे म्हणून तुम्ही गप्प बसाल काय?”

मला उत्तर देता आले नाही. त्यांनी बाबूच्या दंडाला पट्टी लावून पाहिली. माप 13 सेंटिमीटर भरले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते कुपोषणाचे चिन्ह आणि साडेअकराच्या खाली असेल तर गंभीर कुपोषणाचे. त्या मुलाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. आमचा बाबू त्या काठापासून थोडा अलीकडे होता, एवढेच.

आपली मुले मुळातच लहानखोर, असे आपण सहज बोलतो. पण कार्डावरच्या रेघा ज्या मापावर बेतल्या आहेत, ते जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केले. त्यासाठी सहा देशांतील मुले मोजली होती आणि त्यांत आपल्या दिल्लीचीही मुले होती. नीट अन्न, आईचे दूध आणि स्वच्छता मिळाली तर पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुले जवळजवळ सारखीच वाढतात, हे त्यातून दिसले. गोव्यात दवाखाने जवळ आहेत, रस्ते आहेत, शाळा आहेत. तरीही 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील पाच वर्षांखालील सुमारे चौथा हिस्सा मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली आणि निम्म्याहून अधिक मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे ही एकट्या गरिबाच्या घरची गोष्ट नव्हे.

लहान पोट, मोठी गरज

चांगल्या बाळाचे जन्माचे वजन पाचव्या-सहाव्या महिन्यात दुप्पट होते आणि वर्षाचे होईपर्यंत तिप्पट. दुसऱ्या वर्षी वेग कमी होतो. तरी वर्षभरात दोन-अडीच किलो, म्हणजे महिन्याला साधारण 200 ग्रॅम वाढ झाली पाहिजे. या वयाच्या मुलाला रोज सुमारे 1000 कॅलरी लागतात. शेतात राबणाऱ्या बाईला लागते त्याच्या जवळजवळ निम्मे! पण पोट तर एवढेसे. म्हणून त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ द्यावा लागतो, आणि दिलेला घास दाट असावा लागतो. पेजेचे वरचे पाणी कपभर पाजले की पोट भरते, पण अंगाला काही लागत नाही.

चहाने तर दुहेरी नुकसान होते. तो भूक मारतो आणि अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाची जन्माची लोहाची शिदोरी संपत येते. पुढचे लोह ताटातूनच मिळावयाचे असते.

आम्ही काय बदलले

त्या रात्री पत्नी आणि मी हिशेब मांडला. दोघांपैकी एकाने साडेनऊला घरी परत यायचे ठरले. एक दिवस ती, एक दिवस मी. डोंगराचा वरचा भाग शेजाऱ्याला अर्धेलीने वेचायला दिला. त्यात पैसे कमी आले, हे खरे. पण दोन महिन्यांची वाढ बाजारात विकत मिळत नाही.

खायला नवे असे काहीच आणले नाही. जे घरात होते तेच त्याच्या ताटात गेले. सकाळी उकड्या तांदळाची दाट पेज, तिच्यात कुसकरलेले अळसांदे आणि चमचाभर खोबरेल. दहाच्या सुमारास घरच्या कोंबडीचे उकडलेले अंडे. दुपारी आमच्याबरोबर भात, मऊ डाळ, शेवग्याचा पाला किंवा तांबडी भाजी आणि काटे नीट काढलेले पेडवे किंवा तारले. चार वाजता नाचणीचे तिझान, गूळ आणि नारळाचा रस घालून. नाचणीइतके कॅल्शियम आपल्या दुसऱ्या कोणत्याही धान्यात नाही, आणि आम्ही ती कोंबड्यांना टाकत होतो! पिकलेली पपई, पुढे आंबा. रात्री पुन्हा भात आणि झोपताना आईचे दूध, कारण दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही ते चालू ठेवणे चांगले.

माझ्या आईला कोणी दोष दिला नाही. तिला एवढेच सांगितले की चहा बंद, त्याऐवजी डब्यातले तिझान भरवायचे. ती पहिल्यांदा रुसली. “तुम्ही चहावरच वाढला,” म्हणाली. पण मग तिनेच एक युक्ती काढली. बाबूला समोर बसवून ती कोंबड्यांना दाणे टाकी आणि म्हणे, “एक कोंबडीला, एक बाबूला.” वाटी रिकामी होई.

मे महिन्यात वजन 10 किलो 200 भरले. जूनमध्ये साडेदहा. जुलैमध्ये त्याला दोन वर्षे पूर्ण झाली तेव्हा 10 किलो 800. रेघ पुन्हा चढू लागली. अंगणवाडीच्या बाईंनी ती पेन्सिलीने जोडून दाखवली, तेव्हा पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले.

हंगामातील आणखी काही काळजी

मूल बरोबर नेणार असाल तर भाटीपासून आणि बिया भाजण्याच्या जागेपासून त्याला लांब ठेवावे. काजूच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते. मोठ्यांचे हात सोलतात, मग लहानाच्या डोळ्यांचे काय होईल! अख्खा काजूगर चार-पाच वर्षांखालील मुलाला देऊ नये, तो श्वासनळीत अडकतो. द्यायचा तर कुटून द्यावा. सर्दी झाली म्हणून बाळाला फेणीचा थेंबही पाजू नये, आणि छातीला चोळण्याची सवयही सोडावी. औषधफवारणीचे औषध पाण्याच्या किंवा सोड्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. विहिरीला कठडा आणि झाकण असावे.

अनवाणी फिरणाऱ्या मुलाच्या पायातून मातीतले आकडीचे जंत शिरतात आणि रक्त पितात. 2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. त्या वेळी एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी आणि पुढे पूर्ण गोळी, चुरून पाण्याबरोबर देतात. ती चुकवू नये. पावसात जुलाब लागले तर जीवनरक्षक क्षारांचे पाणी आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्याव्यात, आणि जेवण बंद करू नये.

महिन्यातून एक दिवस

एक गोष्ट सांगायची राहिली. मे महिन्यात बाबूने अंगणाच्या कडेला काजूची एक बी पुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी उकरून पाहिली, पुन्हा पुरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उकरली. मी त्याला म्हणालो, “बाबू, अशाने ती रुजेल कशी?” म्हणालो खरा, पण मनात खजील झालो. तो रोज उकरून पाहत होता, आणि आम्ही दोन महिने पाहिलेच नव्हते. शेवटी बीभोवती काटक्यांचे कुंपण घातले आणि रविवारीच पाहायचे असे ठरवले. जूनच्या पावसात ती रुजली.

अंगणवाडीची योजना देशात 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. वजनकाटा गावोगाव आला. पण मूल काट्यावर नेऊन बसवायचे काम आपलेच आहे. हंगाम असो, लग्नसराई असो, फेस्त असो. महिन्यातून एक सकाळ त्यासाठी राखून ठेवावी. बायकोवर सोडू नये, बापानेही जावे आणि कार्ड स्वतः पाहावे. शेतातले रोप पिवळे पडले तर आपण धावतो. घरातले रोप पिवळे पडत नाही. ते हसत राहते आणि वाढायचे थांबते.