बीचवर फोटो काढायचाय? आधी तिथी बघा!

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: कोकणात डोळ्यांना इतकं भारी दिसतं, मग मोबाईलमध्ये फोटो फिका का येतो? कॅमेऱ्याचं आपण बोलूच, पण आधी पाण्याचं.

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्य समुद्रात बुडतो. त्या वेळी ओहोटी असेल तर ओल्या वाळूचा आरसा होतो आणि अख्खं आभाळ त्यात उतरतं. भरती असेल तर हा आरसा पाण्याखाली. मग ओहोटी कधी, हे कसं ओळखायचं? किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्यास्ताला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. त्यात उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी खूप आत जातं. आरशासाठी हेच दिवस! हा झाला अंदाज. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

आता मोबाईल. पहिलं काम, लेन्स पुसा. खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर थर बसतो आणि फोटो धुरकट येतो. कापडाला वाळू नको, नाहीतर ओरखडे पडतील. मग स्क्रीनवर सूर्याच्या शेजारच्या आभाळावर बोट दाबून धरा. फोकस लॉक झाला की उजेड थोडा कमी करा. आभाळाचा रंग परत येतो. ग्रिड चालू ठेवा, क्षितिज तिरकं नको. नुसतं पाणी आणि आभाळ घेऊ नका. जवळ काहीतरी हवं. होडी, खडक, पावलांचे ठसे, काहीही. फोन वाळूपासून वीतभर उंचीवर आणला की आरसा मोठा दिसतो. आणि सूर्य बुडाला म्हणून लगेच निघू नका, खरे रंग पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत येतात.

पण इथेच मी फसलो होतो. अमावास्येची संध्याकाळ, हरिहरेश्वरचे खडक, आणि मी रंगांची वाट बघत बसलेलो. ओहोटी संपून पाणी फिरलं होतं, पण माझे डोळे स्क्रीनवर. उठलो तर मागच्या घळीत, जिथून कोरड्या पायांनी आलो होतो, तिथे गुडघ्याच्या वर पाणी. पाणी समोरून येईल असं आपण धरून चालतो. ते आधी मागचा खोलगट भाग भरतं. एका काकांनी हात दिला म्हणून बाहेर आलो. अंधार पडला असता तर?

तेव्हापासून माझा नियम: ओहोटीच्या वेळेचा अलार्म लावायचा. तो वाजला की खडकावरून उतरायचं आणि उरलेले फोटो वाळूवरून काढायचे. समुद्राकडे पाठ करून सेल्फी तर नाहीच.

येत्या अमावास्येला जाऊन बघा, आणि कसे आले ते कळवा. भेटू पुढच्या भागात!